खेळ बंद, वसुली चालू
अमेरिकन फुटबॉलच्या तिकीटधारक प्रेक्षकांसाठी पत्रक

२६ सप्टेंबर १९८२, रविवार. अमेरिकेत शरद ऋतूतला रविवार फुटबॉलचा. आपल्या ओळखीच्या पायचेंडूचा नव्हे, अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलचा. त्या दिवशी सीबीएस वाहिनी लावून बसलेल्यांना दिसला तो जानेवारीत होऊन गेलेला सुपर बोल, म्हणजे आधीच्या हंगामाचा अंतिम सामना. सॅन फ्रान्सिस्कोने सिनसिनाटीला २६-२१ असे हरवल्याला आठ महिने उलटले होते. शिळ्या कढीला ऊत आणण्याची वेळ वाहिनीवर आली, कारण पाच दिवसांपूर्वी नॅशनल फुटबॉल लीगचे खेळाडू संपावर गेले होते.

संप ५७ दिवस चालला. १६ सामन्यांच्या हंगामातले जेमतेम ९ प्रत्येक संघाच्या वाट्याला आले. गटांची नेहमीची क्रमवारी गुंडाळून ठेवून १६ संघ बाद फेरीत घेतले गेले, आणि चार विजय, पाच पराभव अशी कमाई असलेले क्लीव्हलँड आणि डेट्रॉइटही त्यात शिरले. एरवी डिसेंबरात प्रत्येक सामन्याला जी धार चढते, ती नऊ सामन्यांच्या हंगामात कुठून येणार? तरीही ३० जानेवारी १९८३ ला पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर अंतिम सामना पाहायला १,०३,६६७ माणसे आली. प्रेक्षक रुसतो आणि परत येतो, हे मालकांना पक्के ठाऊक आहे. सगळे दुखणे तिथेच आहे.

संप करणे चूक होते, असे या पत्रकाचे म्हणणे नाही. त्याच वर्षी मालकांनी तीन दूरचित्रवाणी कंपन्यांशी पाच वर्षांसाठी सुमारे २ अब्ज डॉलरचे करार केले होते. एड गार्वी यांच्या नेतृत्वाखालच्या खेळाडू संघटनेने एकूण उत्पन्नाच्या ५५ टक्के वाटा मागितला. ज्यांची हाडे मोडतात आणि कारकीर्द काही वर्षांतच आटोपते, त्यांनी गल्ल्यातला हिस्सा मागण्यात गैर काय? १९८७ मध्ये खेळाडू पुन्हा संपावर गेले, तेव्हाची मुख्य मागणी तर साधी होती: करार संपल्यावर हव्या त्या संघाकडे जाण्याची मोकळीक.

पण १९८७ मध्ये मालकांनी नवी शक्कल लढवली. एका आठवड्याचे सामने रद्द केले, म्हणजे हंगाम १५ सामन्यांचा उरला, आणि पुढचे तीन आठवडे संपकऱ्यांच्या जागी मिळतील ते बदली खेळाडू उतरवले. अंगावर गणवेश तोच, छातीवर चिन्ह तेच, आत माणूस भलताच. ४ ऑक्टोबरला फिलाडेल्फियाच्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये शिकागोविरुद्धचा सामना झाला. बाहेर संपाच्या बाजूने ट्रकचालकांच्या संघटनेची निदर्शने, आत ६५ हजारांहून अधिक आसनांपुढे ४,०७४ प्रेक्षक. हे स्टेडियम शहराच्या मालकीचे होते, हेही ध्यानात घ्यावे.

रिकाम्या खुर्च्यांपुढचे ते सामने क्रमवारीत मात्र खरेच धरले गेले. फिलाडेल्फियाच्या नेहमीच्या खेळाडूंनी त्या हंगामात १२ पैकी ७ सामने जिंकले. बदली खेळाडू तिन्ही हरले, आणि संघाच्या नावावर शेवटी ७ विजय, ८ पराभव लागले. तिकडे वॉशिंग्टनच्या बदली खेळाडूंनी तिन्ही जिंकले आणि तो संघ त्याच हंगामाचा विजेता ठरला. एका शहराला लॉटरी, दुसऱ्याचे दिवाळे. आणि दोन्हीकडच्या प्रेक्षकाला विचारले कुणीच नव्हते.

खरा हिशेब उघड झाला तो २०११ मध्ये. या वेळी खेळाडूंनी संप केला नव्हता, मालकांनीच टाळेबंदीची तयारी चालवली होती. त्याआधी त्यांनी दूरचित्रवाणी कंपन्यांशी असे करार करून ठेवले होते की, एकही सामना झाला नाही तरी सुमारे ४ अब्ज डॉलर हाती येत राहावेत. टाळेबंदीत तग धरण्याची ही सोय खेळाडूंशी केलेल्या कराराचा भंग करणारी आहे, असा निकाल संघीय न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी १ मार्चला दिला. टाळेबंदी तरीही झालीच. १२ मार्चपासून २५ जुलैपर्यंत चालली. सुदैवाने एक सराव सामना सोडला तर खेळ वाचला. न झालेल्या सामन्याचेही पैसे मिळावेत ही तजवीज मालकाला सुचते. न झालेल्या सामन्याचे पैसे परत करावेत हे त्याच कागदावर लिहायला शाई संपते.

प्रेक्षकाने सामन्यांवर बहिष्कार टाकावा, असा सल्ला नेहमी दिला जातो. ओरड झाली की मालक हलतात, हे खरे आहे. २०१२ मध्ये पंचांना टाळेबंदीने बाहेर ठेवून बदली पंच आणले होते. २४ सप्टेंबरला सिअ‍ॅटलमध्ये शेवटच्या क्षणी त्यांनी दिलेल्या निर्णयावर ग्रीन बे १४-१२ असा हरला, देशभर गदारोळ उठला आणि दोनच दिवसांत तडजोड झाली. पण असा चव्हाट्यावरचा घोटाळा दर वेळी मदतीला येत नाही. हक्क कागदावर हवा.

म्हणून या मागण्या:

१. रद्द झालेल्या प्रत्येक सामन्याचे पैसे, गाडी लावण्याच्या शुल्कासह, अर्ज न मागता ३० दिवसांत व्याजासकट परत करावेत.

२. बदली खेळाडूंचे सामने पूर्ण दराने विकू नयेत आणि क्रमवारीत धरू नयेत.

३. न झालेल्या सामन्यांपोटी प्रक्षेपणाचे पैसे आलेच, तर त्यातून आधी तिकीटधारकांची देणी भागवावीत.

४. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या स्टेडियमच्या भाडेकरारात टाळेबंदीची भरपाई लिहावी. शहराची, तशीच खाद्यपदार्थ विकणाऱ्या आणि दारावर तिकिटे तपासणाऱ्या रोजंदारांची.

मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. नियमित हंगाम २०२१ पासून १७ सामन्यांचा झाला, १८ व्या सामन्याची बोलणी कानावर येत आहेत. नव्या करारासाठी दोन्ही बाजू पुन्हा टेबलाशी बसतीलच. न्यू जर्सीतल्या मराठी घरापासून ग्रीन बेच्या जुन्या तिकीटधारकापर्यंत प्रत्येकाने हंगामी तिकिटाचे नूतनीकरण करताना या चार मागण्यांचे पत्र संघाच्या कार्यालयाला पाठवावे, त्याची एक प्रत खेळाडू संघटनेकडे द्यावी आणि लेखी उत्तर मागावे. उत्तर येईपर्यंत पुढच्या वर्षाची आगाऊ रक्कम भरू नये.