मुलगा कॉलेज बदलायचं म्हणतोय

गेल्या पंधरवड्याच्या टपालात टेक्सासहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं. मूळच्या नाशिकच्या, वीस-बावीस वर्षं तिकडेच संसार. पहिल्या पानावर कैरीचं लोणचं टिकत नाही ही तक्रार, दुसऱ्यावर सासूबाईंचे गुडघे, आणि तिसऱ्या पानावर खरं दुखणं. त्या लिहितात, "मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बेसबॉलच्या संघात पिचर आहे, पण या हंगामात त्याला जेमतेम चार वेळा मैदानात उतरवलं. आता दुसऱ्या कॉलेजात जातो म्हणतो. हे म्हणतात, चेंडू फेकण्यापायी कॉलेज सोडणारा मुलगा आमच्या सात पिढ्यांत झाला नाही. बापलेकांचं तीन आठवडे बोलणं बंद आहे. मधल्यामध्ये मी. काय करू?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हेच नाटक मी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी पहिल्या रांगेत बसून पाहिलं आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये मी तिच्याकडे सहा महिन्यांसाठी गेले होते. भाचा तेव्हा दुसऱ्या वर्षाला, कॅचर. आपला यष्टिरक्षक असतो ना, तसाच, पण हा सारा वेळ उकिडवा बसून, तोंडावर जाळी आणि गुडघ्यांना ढाली बांधून. शनिवारी आम्ही दोघी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात पोळीचे लाडू घेऊन त्या पत्र्याच्या बाकांवर जाऊन बसायच्या. संघ खेळायचा आणि आमचा पोरगा कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळत उभा. पहिल्या श्रेणीतलं कॉलेज एका हंगामात ५६ सामने खेळू शकतं. छप्पन्न सामन्यांत मुलगा असा उभा राहिलेला पाहणं आईला सोपं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याचं चुकत काय होतं? फारसं काही नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे हंगाम बंद पडला, तेव्हा खेळाडूंना खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं. त्याच वर्षी व्यावसायिक संघांनी मुलं निवडण्याच्या फेऱ्या एकदम पाचावर आणल्या. म्हणजे जी मोठी मुलं एरवी कॉलेजातून बाहेर पडली असती, ती तिथेच राहिली आणि मागून येणाऱ्यांची दारं अडली. माझ्या भाच्याच्या पुढे दोन कॅचर होते, दोघेही त्याच्याहून तीन-तीन वर्षांनी मोठे. हे गणित घरात कोणी मांडलंच नाही. बहिणीचे यजमान म्हणायचे, "मेहनत कमी पडते." पोरगा ते ऐकून घ्यायचा आणि पानावरून उठून जायचा.

आता आपल्याकडच्या वाचक भगिनींसाठी थोडं सांगते. आपण कॉलेज बदलणं म्हणजे टी.सी. आणि मायग्रेशन सर्टिफिकेट काढणं असं समजतो. तिकडे खेळाडूचं तसं नाही. कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एन.सी.ए.ए. या संस्थेनं २०१८ च्या ऑक्टोबरात 'ट्रान्सफर पोर्टल' नावाची एक यादी सुरू केली. मुलानं आपल्या कॉलेजला लेखी कळवायचं, कॉलेजनं दोन कामाच्या दिवसांत त्याचं नाव यादीत घालायचं, आणि मग दुसऱ्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना त्याच्याशी बोलता येतं. त्याआधी बोलायला मनाई. बेसबॉलच्या मुलाला पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ती अट उठली आणि २०२४ पासून, अभ्यास नियमात असेल तर, कितीही वेळा बदललं तरी लगेच खेळता येतं.

ऐकायला किती सोपं, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री भाच्यानं जेवताना सांगून टाकलं, "मी नाव घातलं." बहिणीच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. कोणाला विचारलं नाही, कागद वाचला नाही. नंतर कळलं की नाव यादीत गेलं की जुन्या कॉलेजला त्या सत्राअखेर त्याची खेळाची शिष्यवृत्ती बंद करता येते, आणि परत घेण्याचं बंधनही त्याच्यावर नसतं. त्यांनी बंद केली. तीन आठवडे फोन वाजला नाही. पोरगा रात्री दोन-दोन वाजता गॅरेजमध्ये भिंतीवर चेंडू मारत बसे, आणि त्या आवाजानं आम्हा दोघींनाही झोप नसे. शेवटी एका लहानशा कॉलेजातून, तेही पहिल्याच श्रेणीतलं, बोलावणं आलं. त्यांचा कॅचर जखमी झाला होता. घरात पेढे वाटले.

आणि खरी मेख पुढे होती, जी मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. तिकडे पदवी क्रेडिटवर मोजतात. भाच्याच्या पदवीला १२० क्रेडिट लागत होते आणि दोन वर्षांत त्यानं ६२ मिळवले होते. नव्या कॉलेजनं त्यांतले ४१ च त्या पदवीसाठी धरले. उरलेल्या २१ चं काय? कागदावर राहिले, पदवीला उपयोग शून्य. शिवाय पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात तिसरं वर्ष सुरू होण्याआधी त्या पदवीचा ४० टक्के भाग पुरा असावा लागतो, चौथ्याआधी ६०, पाचव्याआधी ८०. नाहीतर खेळता येत नाही. १२० चे ४० टक्के म्हणजे ४८. हाती ४१. सात कमी! म्हणजे ज्या खेळासाठी एवढं केलं, तोच बंद व्हायची वेळ.

मग घराजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजात उन्हाळी वर्गाला दोन विषय घेतले, एक चार क्रेडिटचा प्रयोगशाळेसकट आणि एक तीनचा. फी घरची. पोरगा सकाळी आठला निघायचा, दुपारी मैदानावर सराव, रात्री पुस्तक. सात क्रेडिट ऑगस्टमध्ये जेमतेम हाती आले. पदवी मात्र २०२४ च्या मे ऐवजी डिसेंबरात मिळाली. एक जादा सत्र, त्याचा जादा खर्च. बहीण अजून म्हणते, नाव घालण्याआधी एका माणसाला एक प्रश्न विचारला असता तर हे सगळं आधी कळलं असतं.

तेव्हा ताई, मुलाला अडवू नका. वीस वर्षांच्या मुलाला खेळायचंय, आणि खेळायला मिळत नाही, हे दुःख खोटं नाही. पण नाव घालण्याआधी काही प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडून मागून घ्या. त्याच्याकडूनच हो. तुम्ही कॉलेजला फोन केलात तर ते काही सांगणार नाहीत. १९७४ च्या एका कायद्यानं कॉलेजातल्या मुलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय आईबापांनाही देत नाहीत. आपल्याकडे वडील उठून प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसतात, तसं तिकडे चालत नाही. मला तर सुरुवातीला हे फार उद्धट वाटलं होतं. आता वाटतं, बरंच आहे. पोरालाच रांगेत उभं राहावं लागतं.

सगळ्यात आधी त्यानं स्वतःच्या कॉलेजच्या खेळ-नियम अधिकाऱ्याला भेटावं आणि विचारावं, माझं नाव गेलं तर माझी मदत कधी थांबेल? यादीत नाव घालायची मुदत हंगाम संपताना थोडे दिवसच असते, तिच्या तारखाही तिथेच कळतात. मग अभ्यासाच्या सल्लागाराकडून आजवरच्या क्रेडिटचा तक्ता घ्यावा. आणि प्रत्येक विषयाची अभ्यासक्रमपत्रिका, पहिल्या दिवशी वाटतात ती, एका फाइलीत लावून ठेवावी. तुम्ही रेशनकार्डाच्या फाइलीसारखी ती जपा! नवीन कॉलेज 'हा विषय आम्ही धरत नाही' म्हणालं की तीच पत्रिका दाखवून भांडता येतं. भाच्याकडे ती असती तर २१ पैकी सहा-आठ क्रेडिट वाचले असते असं त्याच्या नव्या सल्लागारानंच सांगितलं.

नव्या प्रशिक्षकाचा फोन आला की पोरं हरखून जातात. तेव्हा दोनच गोष्टी विचारायच्या. एक, माझ्या जागेवर तुमच्याकडे किती जण आहेत आणि कुठल्या वर्षाला? पिचर तर संघात पंधरा-वीससुद्धा असतात, तेव्हा डावखुरे किती, सुरुवातीला उतरणारे किती, हेही. दुसरी, माझे क्रेडिट किती धरणार ते होकार देण्याआधी लेखी मिळेल का? तोंडी 'काळजी करू नकोस' याला काही अर्थ नाही. प्रशिक्षक क्रेडिट मोजत नाही, ते काम कचेरीचं असतं.

पैशाचाही हिशेब करा, आणि इथे मी तुमच्या यजमानांच्या बाजूची आहे. बेसबॉलमध्ये पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच मिळते. कित्येक वर्षं पहिल्या श्रेणीच्या एका संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या पंचवीस-तीस मुलांत वाटल्या जायच्या. २०२५ च्या न्यायालयीन समझोत्यानंतर तो मानणाऱ्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण संघात ३४ च मुलं ठेवता येतात. म्हणजे काहींना जास्त पैसे आणि काहींना थेट दार. शिवाय सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या मुलाला फी कितीतरी जास्त असते. पाव शिष्यवृत्ती मिळाली म्हणून परराज्यात गेला आणि टेक्सासमधल्या पूर्ण फीपेक्षा जास्त भरावं लागलं, असं व्हायला नको. वही घ्या, दोन रकाने काढा, प्रवासाचा आणि खोलीभाड्याचा खर्चही त्यात धरा.

आता बापलेकांचं. तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका. इकडचा राग तिकडे आणि तिकडचा इकडे पोचवून आईच थकते, माझ्या बहिणीचं रक्तदाबाचं औषध त्याच उन्हाळ्यात सुरू झालं. यजमानांना एक शनिवार मैदानावर घेऊन जा. न बोलता बसू देत. माझे मेव्हणे गेले होते, ऑगस्टअखेर नव्या कॉलेजच्या सरावाला. भाचा तासभर त्या उन्हात उकिडवा बसून उठत होता, बसत होता. परतताना गाडीत मेव्हणे एवढंच म्हणाले, "गुडघे जातील रे अशानं. तेल लावतोस का?" त्या रात्री त्यांनी स्वतः तीळतेल गरम केलं. बोलणं कसं सुरू झालं ते मग कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

तुमच्या यजमानांची खरी भीती बहुधा शिक्षणाची आहे, सात पिढ्यांची नाही. क्रेडिटचा तक्ता मुलानंच त्यांच्यासमोर ठेवला तर ते वाचतील. आणि तक्ता पाहून मुलगा स्वतःच म्हणाला, की अजून एक वर्ष इथेच थांबतो, तर तेही ऐकून घ्या. त्याच्या पुढचे पिचर कोणत्या वर्षाला आहेत हे त्यानं अजून मोजलेलं दिसत नाही, तुमच्या पत्रात तरी नाही.

जाता जाता, पत्राच्या शेवटी तुम्ही पांढऱ्या विजारीवरच्या लाल मातीच्या डागांचं विचारलं आहे. ओले असताना चोळू नका, माती आत जाते. पूर्ण वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग गार पाण्यात साबणचुऱ्यात तासभर भिजवा. ब्लीच मुळीच नको. त्या मातीत लोह असतं, त्यानं डाग पक्का बसतो. आणि डाग गेल्याशिवाय ड्रायरमध्ये घालू नका. लोणच्याचं पुढल्या अंकात सांगते. मुलाचं काय ठरलं ते जरूर कळवा.