भांग रुंद होतोय

पालकसभेला येणाऱ्या अम्मींच्या दोन तक्रारी ठरलेल्या: लेकीचे गणित आणि लेकीचे केस. गणिताचे आम्ही पाहतो. केसांचा दोष मात्र घरोघरी आधीच कुणावर तरी ठेवलेला असतो, स्कार्फवर, बोअरच्या पाण्यावर नाहीतर शाम्पूवर. आणि इलाज म्हणजे नवे तेल.

स्कार्फने केस गळत नाहीत. त्याखाली केस रोज गच्च ओढून बांधले, तर कपाळाकडे विरळ होतात. बांधणी वेळीच सैल केली की पुन्हा येतात. दिवसाला 50 ते 100 केस गळणे तर नेहमीचेच. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस हातात येतात, तेही बहुधा काही महिन्यांत भरून निघतात.

लक्ष ठेवायचे ते भांगावर. कपाळावरची केसांची रेघ जागेवर, पण भांग हळूहळू रुंद होतोय, तर कारण हार्मोन्सचे असू शकते. पुरुषी हार्मोन थोडेफार प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतात. ज्यांच्या केसांची मुळे त्यांना जास्त दाद देतात, त्यांचा केस दर खेपेला अधिक बारीक, अधिक आखूड उगवतो. हा वारसा आई-वडील दोघांकडून येतो. उगाच नानांच्या टकलावर खापर नको.

सोबत पाळी लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरमे हटत नसतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. नेमके इथेच घर गप्प बसते. पाळीचे डॉक्टरांना सांगायची लाज, आणि रिश्ते येण्याच्या दिवसांत बोभाटा नको ही भीती. मुलगी दोन वर्षे तेल चोपडत राहते. पीसीओएसमुळे पुढे मधुमेहाचा धोकाही वाढतो, त्याकडे कुणाचे लक्षच नसते.

डॉक्टर बहुधा हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड तपासतात. मिनॉक्सिडिल लावायला दिले, तर पहिले काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते आणि बहुतेकजणी तिथेच बाटली फेकतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते लावू नये. भावाच्या गोळ्या बहिणीला तर मुळीच देऊ नयेत.

दवाखान्यात जाताना पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्याव्यात. आणि अम्मीने थोडा वेळ बाहेर बसावे, मुलगी मोकळेपणी बोलते.