आर्थर रोड की साने गुरुजी मार्ग? पाटी बदलली, पण नाव का रुळलं नाही?

गिरगावात कुणालाही डॉ. भडकमकर मार्ग विचारा, समोरचा जरा थांबेल. लॅमिंग्टन रोड म्हणा, लगेच हात करून दाखवेल. तिथून उत्तरेला सात रस्त्याकडे गेलात की हाच प्रकार मराठी मुलांच्या सर्वांत लाडक्या लेखकाच्या बाबतीत झालेला दिसतो.

नेमकं काय झालंय?

आर्थर रोडचं अधिकृत नाव आहे साने गुरुजी मार्ग. कस्तुरबा रुग्णालयाच्या आणि मुंबई मध्यवर्ती कारागृहाच्या पत्त्यात ते असतं. पण बातम्यांमध्ये आजही ‘आर्थर रोड जेल’च. हे आर्थर म्हणजे 1842 ते 1846 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉर्ज आर्थर. त्यांच्याबद्दल आज फारसं कुणाला काही माहीत नाही, तरी नाव त्यांचंच चालतं.

यात एक विचित्र योगायोगही आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बराचसा भाग फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला. 1935 मध्ये पुस्तक आलं आणि घराघरांत पोहोचलं. त्याच लेखकाच्या नावाच्या रस्त्यावर तुरुंग आहे, पण तो ओळखला जातो इंग्रज गव्हर्नरच्या नावाने.

नाव कोण देतं?

मुंबई महापालिका अधिनियम, 1888 नुसार महापालिकेच्या मंजुरीने रस्त्याला नाव दिलं जातं. ठराव होतो, पाटी लागते, कार्यक्रम होतो. पुढे ते नाव लोकांच्या तोंडी बसेल का, हे मात्र कुणी बघत नाही.

मग नावं रुळतात कशी?

रोज कानावर पडली की. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं 2018 मध्ये प्रभादेवी झालं. लोकलमधली घोषणा, इंडिकेटर, तिकीट, सगळीकडे नवं नाव आलं. शिवाय ‘प्रभादेवी’ हे त्या भागाचं जुनंच नाव. चर्नी रोडचं ‘गिरगाव’ करायला राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये मंजुरी दिली, त्यातही हाच फायदा आहे. व्यक्तीच्या नावाला असा आधार नसतो. ती व्यक्ती कोण, हे कुणीतरी सांगत राहावं लागतं.

मुद्दा पाटीचा नाही

पालगडला जन्मलेले, अमळनेरला शिकवणारे, पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे 1947 मध्ये उपोषण करणारे साने गुरुजी या रस्त्यावरच्या पाटीत तीन शब्दांत उरतात. पाटीखाली दोन ओळींची ओळख, बसस्टॉपवर पूर्ण नाव आणि जवळच्या शाळेत वर्षातून एकदा त्यांच्या गोष्टींचं वाचन, याला फार खर्च येत नाही.

लेखकाचं नाव रस्त्याला द्यायची मागणी पुन्हा होईल, तेव्हा हा प्रश्न आधी विचारायला हवा: इथल्या मुलांच्या हातात त्याचं पुस्तक कोण देणार?