बारा जण, चौदा दिवस
संगीताच्या ॲपची परीक्षा आपल्या भजनी मंडळांनीच घ्यावी



आपल्या पत्रकाची पाने बहुधा मराठी शाळा, फलकांवरील भाषा, पहाणीचा उतारा अशा प्रश्नांनी भरलेली असतात. त्यात आज मोबाईलमधल्या तंबोऱ्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, अफझलपूर या तालुक्यांत मराठी भाषा सरकारी कचेरीत टिकलेली नाही. ती टिकली आहे भजनी मंडळात. आणि आज त्या मंडळाचा तंबोरा, ठेका आणि भजनाची वही या तिन्ही गोष्टी हळूहळू फोनमध्ये जाऊ लागल्या आहेत. जिथे भाषा राहते, तिथे लक्ष ठेवणे हे आपले काम आहे.

तंबोरा मिरजेचा, ही आपली जुनी ओळख. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पुढे १९७९ च्या सुमारास बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला आणि एकट्याने रियाज करणाऱ्याची मोठी सोय झाली. स्मार्टफोन आल्यावर तीच सोय ॲपच्या रूपाने खिशात आली. प्रसाद उपासनी यांचे ‘आयतबलाप्रो’ हे त्यातले एक गाजलेले नाव. अशी अनेक ॲप एखादा एकटा माणूस किंवा दोन-चार जणांची जोडी तयार करते. मोठ्या कंपनीला भजनी ठेक्यात फारसा रस नसतो. या छोट्या कारागिरांना असतो. म्हणून ते जगले पाहिजेत.

आता तक्रार अशी येते, की ‘काल चांगले चालले होते, आज कशाला बदलले? दर पंधरा दिवसांनी अपडेट!’ तक्रार खरी आहे, पण तिची दुसरी बाजू समजून घेतली पाहिजे. गुगलच्या प्ले स्टोअरचा नियम असा, की ॲप दरवर्षी नव्या अँड्रॉइडच्या निकषांशी जुळवून घ्यावे लागते. बहुतेकदा त्याची मुदत ऑगस्टअखेर असते. जे फार मागे राहते, ते नवा फोन घेणाऱ्या नव्या माणसाला स्टोअरमध्ये दिसेनासे होते. २०१७ मध्ये ॲपलने आयओएस ११ आणली, तेव्हा जुनी ३२ बिटची ॲप त्या फोनवर चालेनाशी झाली. २०१९ च्या ऑगस्टपासून गुगलनेही नव्या ॲपना आणि अपडेटना ६४ बिटची अट घातली. याचा अर्थ सरळ आहे: ज्याने अपडेट थांबवले, त्याचे दुकान आज ना उद्या बंद होते.

पण अपडेट करणे आणि तपासून अपडेट करणे यांत फरक आहे. घरी बसून काम करणाऱ्या माणसाकडे फोन असून असून किती असणार? तीन किंवा चार. आपल्या गावात मात्र सात-आठ वर्षांपूर्वीच्या फोनपासून १ जीबी मेमरीच्या ‘अँड्रॉइड गो’ फोनपर्यंत सगळी जत्रा भरलेली असते. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडदा काळा होताच मागे चाललेले ॲप बंद करतात. बातम्यांचे ॲप बंद पडले तर कोणाचे काही जात नाही. अभंग रंगात आला असताना तंबोरा गप्प झाला, तर गाणाऱ्याचा षड्जच सुटतो. हार्मोनियमच्या ॲपवर बोट ठेवल्यापासून सूर निघेपर्यंत किंचित उशीर होतो. ब्लूटूथचा स्पीकर जोडला की तो आणखी वाढतो. या गोष्टी शहरातल्या महागड्या फोनवर लक्षात येत नाहीत, देवळाच्या ओसरीवर लगेच येतात.

आणखी एक गंमत पाहा. आठ मात्रा मोजून बरोबर भरल्या, की संगणकाच्या दृष्टीने ताल पास झाला. केरवा आठ मात्रांचा, धुमाळी आठ मात्रांची, भजनी ठेकाही आठच मात्रांचा. ठेका वारकऱ्यांच्या पखवाजासारखा वाजतो की नुसता मोजल्यासारखा, हे सांगायला चाळीस वर्षे टाळ धरलेला हातच लागतो. पट्टी निवडताना पडद्यावर ‘सी शार्प’ असे दिसले, तर आपल्या हार्मोनियमवाल्याला ‘काळी एक’ म्हटल्याशिवाय उलगडा होत नाही. ही परीक्षा कोणत्याही यंत्राला घेता येत नाही.

भाषेचे तर विचारूच नका. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे; पहिले गुरुजी, दुसरे स्वयंपाकी. पण हा अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारांनी साठवला जातो. डोळ्यांना ‘वाऱ्या’ हा शब्द एकच दिसतो, आणि शोधायला गेले तर ॲप म्हणते, सापडले नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले. जुन्या फाँटवर तिथे रिकामी चौकट उमटते. हिंदीसाठी तयार केलेले ॲप मराठीला चालेलच, हा समज अशाच ठिकाणी उघडा पडतो.

आता आपल्या राजकारणाला भिडणारा मुद्दा. राज्य कर्नाटक आहे म्हणून भाषा कन्नडच असणार, असे ॲपने गृहीत धरले, तर १९५६ साली आपल्याला न विचारता जे झाले तेच पुन्हा लहान पडद्यावर होते. भाषा माणसाला विचारायची असते, नकाशाला नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी निवडण्याची सोय फोनमध्येच आहे. ॲप करणाऱ्याने ती वापरली पाहिजे. आणि ही मागणी कन्नडच्या विरोधात मुळीच नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७-१८६५) यांनी मराठीत पदे रचली, कन्नडमध्येही रचली. आपल्याकडे एकाच बैठकीत अभंगही होतो आणि वचनही. तेव्हा एकाच ॲपमध्ये दोन्ही लिपी नीट दिसाव्यात, इतकेच मागणे आहे. संविधानाच्या कलम २९ ने भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क दिला आहे. हक्क कागदावर असतो, तो वापरण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागते.

ही सवय लावण्याची संधी समोर आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर प्ले स्टोअरवर ज्याने वैयक्तिक खाते उघडले, त्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी ठरावीक माणसांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. आरंभी २० माणसांची अट होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आली. नवख्या, एकट्या माणसाला ही अट फार जड जाते. बारा माणसे मिळेनात म्हणून काहीजण पैसे मोजून परीक्षक विकत घेतात. असे परीक्षक ॲप उघडून बंद करतात, सूर कोण ऐकतो?

आणि आपल्याकडे? बारा माणसे म्हणजे एक भजनी मंडळ! वीणेकरी, पखवाजी, पेटीवाला आणि टाळकरी मोजले तर बारा सहज भरतात. चौदा दिवस म्हणजे एका एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंतचा काळ. जी अट शहरातल्या कारागिराला डोंगराएवढी वाटते, ती आपण हरिपाठ म्हणता म्हणता पुरी करू शकतो. बदल्यात पैसे मागू नयेत. मराठी पूर्ण हवी, आणि ठेका आमच्या कानाला पटला पाहिजे, एवढेच मागावे.

‘आम्ही फुकट का राबायचे?’ असा आक्षेप निघेल. तो अगदीच चुकीचा नाही. ज्या कंपन्या नफ्यात आहेत, त्यांनी आपल्या चाचणीचा खर्च स्वतः करावा. पण एकटा कारागीर आणि आपले मंडळ यांचे नाते गावच्या सुताराशी असलेल्या नात्यासारखे आहे. वस्तू घेताना आपण ती हलवून पाहतो, कुठे डुगडुगते ते सांगतो, आणि पुढची वस्तू चांगली मिळते.

म्हणून संघटनेने पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात.

१) प्रत्येक तालुक्यातून निदान एका मंडळाने बारा जणांची यादी करावी. त्यात एक जुना फोन, एक स्वस्त फोन आणि वयाची साठी ओलांडलेले दोघे तरी असावेत.

२) तक्रार करताना ‘बेकार ॲप’ लिहून एक तारा देऊ नये. फोन कोणता, अँड्रॉइड कितवे, ॲपची आवृत्ती कोणती, काय केले आणि काय घडले, या पाच गोष्टी मराठीत लिहाव्यात.

३) चाचणीसाठी ईमेलचा पत्ता पुरतो. तंबोऱ्याच्या ॲपला आपल्या फोनमधली नावे-नंबर कशाला हवेत? तशी परवानगी मागितली तर देऊ नये, आणि ॲप स्टोअरच्या दुव्यावरूनच घ्यावे.

४) कार्यक्रमाच्या दिवशी अपडेट करू नये. ज्याला सवय नाही त्याने आपोआप अपडेट होणे बंद ठेवावे आणि आठवड्यातून एकदा सवडीने करावे.

ॲप करणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे आहे. आषाढी, कार्तिकी आणि गणेशोत्सवाच्या आठवड्यात मोठा बदल सोडू नका. नवी आवृत्ती आधी थोड्या लोकांना देण्याची सोय स्टोअरमध्ये आहे, ती वापरा. आणि काय बदलले ते साध्या मराठीत दोन ओळींत लिहा. ‘किरकोळ दुरुस्त्या’ एवढ्याने आमचे समाधान होत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचे पेढे आपणही वाटले. तो दर्जा दिल्लीतून आला. फोनवरच्या भजनाच्या वहीत मराठी शुद्ध उमटणे मात्र दिल्लीच्या हाती नाही, मुंबई-बेंगळुरूच्याही नाही. ते आपल्या बारा जणांच्या हाती आहे. येत्या एकादशीला मंडळ जमेल, तेव्हा टाळ हातात घेण्याआधी ही बारा नावे कागदावर उतरवावीत, ही विनंती.