घरातलं वतन



हा अंक पंधरा दिवस उशिरा तुमच्या हातात पडतोय. छापखानावाला अडून बसला नव्हता, कागदाचे पैसेही जमले होते. संपादक घरी अडकला होता. बापाच्या उशाशी. कारण सांगायची लाज वाटते, म्हणूनच ते इथं, पहिल्या पानावर सांगतो.

बाप चार वर्षं अंथरुणावर आहे. जन्मभर पाठीवर गोण्या वाहिल्या आणि एका सकाळी मोरीतच कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा निम्मी गेली. आय सकाळी सहाला चार घरची कामं करायला बाहेर पडते. मी गोदीत कंत्राटावर. पाळी सुटली की मीटिंग, मोर्चा, नाहीतर कविता. मग बापाचं कोण करतं? बहीण करते. बारावीनंतर तिचं कॉलेज सुटलं, सोडवलं असं कुणीच म्हणालं नाही. घरात ठराव झाला नाही, मतदान झालं नाही. ती पोरगी होती आणि घरी होती, एवढ्यावर भागलं.

गेल्या महिन्यात तिला टायफॉइड झाला. नऊ दिवस खाडे करून मी तिची जागा घेतली. नऊ दिवसांत मला कळलं की दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या रात्रीही बघाव्या लागतात. घास घाईनं भरवला तर श्वासनळीत जातो. नळाचं पाणी पाऊण तास येतं आणि नेमकं त्याच वेळी बापाची चादर भिजते. तिसऱ्या रात्री मी बापावर खेकसलो. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून चैत्यभूमीला नेलं त्याच्यावर. तो काही बोलला नाही, त्याला बोलता येत नाही. तापानं फणफणलेली बहीण पलीकडून म्हणाली, "दादा, नको ओरडू. मीपण ओरडायची. पहिलं वर्षभर."

आणखी एक गोष्ट कळली. बाप दुपारनंतर पाणी पीत नाही. पोरीच्या हातनं धुऊन घ्यायची त्याला लाज वाटते, म्हणून तो तहान मारतो. मी होतो तेव्हा तांब्याभर पाणी प्यायला. चार वर्षं माझा बाप तहानलेला होता आणि मी त्याच खोलीत दिव्याखाली बसून क्रांतीच्या कविता लिहीत होतो. च्यायला, कसल्या कविता?

हे माझ्या एकट्याच्या घरचं रडगाणं असतं तर अंकाची दोन पानं वाया घालवली नसती. पण तुमच्या वस्तीतल्या खोल्या मोजा. कुणाची आजी खिळलेली, कुणाचा भाऊ जन्मापासून लुळा, कुणाचा बाप गटारात उतरून आजारी पडलेला, कुणाच्या आयचं डोकं फिरलेलं. प्रत्येक अंथरुणाशेजारी एक बाई दिसेल. आय, बहीण, बायको, सून. तिला कुणी विचारत नाही, तू कशी आहेस? पाहुणा येतो तो आजाऱ्याला सफरचंद देतो आणि तिच्याकडे चहा मागतो.

या कामाला आपण नाव काय दिलंय? सेवा. लई गोड शब्द. मनुस्मृतीनं शूद्राला एकच काम नेमून दिलं होतं, वरच्या तिघांची सेवा, तीही कुरकुर न करता. 25 डिसेंबर 1927ला महाडला ते पुस्तक आपण जाळलं. पण त्यातलं एक पान आपल्याच घरात चुलीमागं खोचून ठेवलेलं आहे. आपण बाहेर शूद्र व्हायचं नाकारलं आणि घरात एक शूद्र ठेवली.

महारवतन आठवा. जुन्या माणसांना विचारा येसकर म्हंजे काय. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं. वतनदार गावात नसला तर त्याच्या घरातल्या कुणालाही कामाला जुंपता यायचं. मोबदला काय? तुकडा, बलुतं आणि वर उपकाराची भाषा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं, तेव्हा आपल्यातलेच काही लोक म्हणत होते, वतन हा आपला मान आहे, तो कसा सोडायचा? शेवटी 1958 साली कायद्यानं ही कनिष्ठ वतनं संपवली. पण जिला चोवीस तास हाक आहे, सुट्टी नाही, पगार नाही, बदली नाही आणि वर "केवढी गुणाची पोर" असा मान आहे, ती येसकरच की! ते वतन अजून चालू आहे. त्याचे पाटील आपण आहोत.

कुणी म्हणेल, आई-बापाचं करणं ही वेठबिगार कशी? बरोबर आहे. आजाऱ्याला धुणं, भरवणं यात हलकं काही नाही, माणसानं माणसासाठी करायचं ते सगळ्यात मोठं काम आहे. पण मोठं काम असेल तर ते एकीच्याच गळ्यात का? गोदीत सगळ्यात जड गोणीसुद्धा दोघं मिळून उचलतो आणि पाळी बदलतो. सरकारनं 2019 साली देशभर लोकांचा दिवसाचा वेळ मोजला. घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 134 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 76. शिवाय घरकामात बायकांची 299 मिनिटं, पुरुषांची 97. आणि हे 76 मिनिटंवाले पुरुष तरी काही करत होते. मी त्यांच्यातसुद्धा नव्हतो.

आता चळवळीकडे बघू. जोतिराव 1888 साली अर्धांगानं पडले. उजवा हात गेला, तर डाव्या हातानं त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तक लिहून काढलं. हे आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. 1890 साली जोतिराव जाईपर्यंत त्यांचं सगळं सावित्रीबाईंनी केलं, हे किती जण सांगतो? 1897च्या प्लेगमध्ये रोगी उचलून आणता आणता त्या स्वतः गेल्या.

आणि माईसाहेब. 1948 साली डॉक्टर असलेली बाई बाबासाहेबांच्या घरात आली. मधुमेहानं पोखरलेल्या देहाची पथ्यं, इंजेक्शनं, रात्रीची दुखणी तिनं आठ वर्षं सांभाळली. 6 डिसेंबर 1956नंतर आपण तिला काय दिलं? संशय. बामणाची म्हणून खुनाचा आरोप. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या आजारात पत्नीनं आणि डॉ. मालवणकरांनी केलेल्या शुश्रूषेचं ऋण लिहून ठेवलं होतं. 1957 साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना छापलीच गेली नाही. सेवा करणारीचं नाव खुद्द बाबासाहेबांनी लिहिलं तरी ते पुसलं गेलं, तर माझ्या बहिणीचं कोण लिहिणार?

आता सरकार. 2007 साली कायदा केला, म्हाताऱ्या आई-बापाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. ठीक. पण कंत्राटी मजुरानं बापासाठी खाडा केला तर त्याची रोजी कापली जाते, त्याचं काय? 2016च्या अपंग हक्क कायद्यात काळजी घेणाऱ्या माणसाची व्याख्या आहे. बिनपगारी घरचं माणूसही त्यात येतं. ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहू भत्ता द्यावा असंही लिहिलंय. पण त्याच कलमात एक पाचर मारून ठेवलीय, सरकारनं हे आपल्या ऐपतीप्रमाणे करावं. ऐपत! पुतळ्यांना ऐपत आहे, बोगद्यांना आहे. केरळ सरकारनं खिळलेल्या रोग्याचं करणाऱ्याला महिना 600 रुपये द्यायची योजना काढली. रक्कम भिकार आहे, पण अंथरुणाशेजारी एक माणूस बसलंय एवढं त्या सरकारला दिसलं तरी. आपल्याकडे 2023 साली निराधार अनुदान 1500 केलं, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला 21,000च ठेवली. दिवसाला सत्तावन रुपये. तेवढ्यात घर जगतं असं मानणाऱ्या साहेबानं ते जगून दाखवावं. तेही आजाऱ्यासाठी. त्याचं करणारीसाठी काय? शून्य.

आणि गंमत बघा. मोठ्या सोसायट्यांतल्या म्हाताऱ्यांचं कोण करतं? ब्यूरोतनं बारा-बारा तासांच्या पाळीवर जाणाऱ्या मावश्या. त्यात आपल्याच बायका किती! त्यांनी दुसऱ्याच्या बापाला वेळेवर औषध पाजायचं आणि स्वतःच्या बापाला कुलूप लावून जायचं. म्हंजे याच कामाला बाजारात भाव आहे. फक्त आपल्या खोलीत ते फुकट आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट मांडूया. काळजीवाहू भत्ता करणारीच्या स्वतःच्या खात्यावर द्या. खिळलेल्या रोग्याच्या घरी पालिकेच्या दवाखान्यातली नर्स दर आठवड्याला यायला हवी. तिनं रोग्याबरोबर करणारीचंही ब्लडप्रेशर बघावं. निराधारची 21,000ची अट फेका. कंत्राटी कामगाराला आजाऱ्यासाठी पगारी रजा द्या. यासाठी मोर्चा काढायचा तर त्या बायका त्यात हव्यात, आणि त्या मोर्चात येतील तेव्हा अंथरुणाजवळ आपण बसायला हवं.

म्हणून सरकार देईपर्यंत थांबायचं नाही. बाबासाहेबांनी 1928 साली कौन्सिलात बाळंतिणीच्या पगारी रजेची बाजू मांडली, कारण तिच्या विश्रांतीचा भार एकट्या घरावर टाकता येत नाही हे त्यांना कळत होतं. आपण आपल्या शाखेपुरतं सुरू करू. शाखेच्या फळ्यावर वस्तीतल्या अशा घरांची यादी लावायची. दर घरामागं दोन पोरं, आठवड्याला एक अख्खी पाळी. पुरुष आजारी असेल तर धुण्यापुसण्याचं काम पुरुषानंच करायचं. त्या पाळीत करणारी बाई झोपेल, सिनेमाला जाईल, नाहीतर नुसती नाक्यावर उभी राहील. तिनं काय केलं हे विचारायचं नाही. आणि ज्याच्या घरी आजारी माणूस आहे आणि जो स्वतः हात लावत नाही, त्यानं स्टेजवर चढून समतेवर बोलू नये. पहिलं नाव माझं लिहा.

बहीण आता उठून बसते. मी मंगळवार-शनिवारची रात्र आणि रविवारचा दिवस घेतलाय. बाप माझ्या पाळीत पाणी पितो. तिनं कॉलेजचा फॉर्म आणलाय, अजून भरलेला नाही, उशीखाली ठेवलाय. तो भरला जाईल की नाही हे तिच्यावर नाही, बाकीच्या पाळ्या कोण घेतो यावर आहे.

पुढचा अंकही कदाचित उशिरा निघेल. चालेल.

जयभीम.