धोका पदार्थाचा की कणाच्या आकाराचा?

भिंतीचा पांढरा रंग, टूथपेस्ट, उन्हापासून त्वचा वाचविणारे मलम, औषधाच्या गोळीवरील गुळगुळीत वेष्टन अशा असंख्य वस्तूंना शुभ्रपणा देणारी पूड म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. श्वासावाटे शरीरात गेल्यास या पुडीमुळे कर्करोगाचा संशय संभवतो, असे वर्गीकरण युरोपीय आयोगाने केले होते. ते रद्द करणारा २०२२ मधील निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ रोजी कायम केला. हे वर्गीकरण ज्या प्रयोगाच्या आधारे झाले, त्याच्या मूल्यमापनात सर्व बाबींचा विचार झाला नाही, हे त्यामागचे कारण. उत्पादकांची सरशी झाली. मात्र या खटल्याच्या मुळाशी असलेला शास्त्रीय प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटलेला नाही. एखाद्या वस्तूचा धोका तिच्या रासायनिक घटनेत असतो की तिच्या कणाच्या आकारमानात, असा तो प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्याच्या दृष्टीने स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाचे रोगप्रतिकारशास्त्रज्ञ युर्ग चॉप यांचे संशोधन महत्त्वाचे ठरते. मार्च २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. पण अखेरच्या दहा वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेने जे मांडले, त्यावरच या विषयाची आजची चर्चा बऱ्याच अंशी उभी आहे.

मानवी शरीराच्या संरक्षणाचे दोन स्तर असतात. विशिष्ट रोगजंतू ओळखून प्रतिपिंडे तयार करणारी अर्जित प्रतिकारशक्ती सर्वांना परिचित आहे. तिच्या आधी धावून जाते ती जन्मजात प्रतिकारशक्ती. आक्रमक कोण, याची बारीक चौकशी न करता ती परक्याला गिळंकृत करते आणि त्या जागी दाह निर्माण करते. सूज, लाली, उष्णता आणि वेदना ही या दाहाची लक्षणे. जखम भरून येण्यासाठी तो आवश्यकच असतो. तो वेळेवर शमला नाही, तर मात्र संरक्षण करणारी यंत्रणाच शरीराला पोखरू लागते.

हा दाह नेमका पेटतो कसा, याचा एक महत्त्वाचा दुवा चॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उजेडात आणला. पेशीत धोक्याचा संकेत मिळताच काही प्रथिने एकत्र येऊन एक संकुल रचतात आणि 'इंटरल्युकिन-१ बीटा' हा दाहकारक रेणू कार्यान्वित करतात. या संकुलाला त्यांनी 'इन्फ्लमासोम' असे नाव दिले. असे संकुल केवळ जंतूंमुळेच जागे होते असे नाही, हे २००६ मध्ये त्यांच्याच गटाने दाखविले. सांध्यांत साचणारे युरिक आम्लाचे स्फटिकही ते जागे करतात. गाऊट या विकारात सांधा एकाएकी का सुजतो, याचा उलगडा त्यातून झाला.

२००८ मध्ये याच गटाने अॅस्बेस्टॉस आणि सिलिकाकडे लक्ष वळविले. फुफ्फुसातील भक्षक पेशी हे कण गिळतात, पण ते त्यांना पचविता येत नाहीत. पेशीतील पाचक रसांची पिशवी स्फटिकांमुळे फाटते आणि त्यातील रस बाहेर सांडतात, असे त्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधक गटाला आढळले. या घडामोडींतून इन्फ्लमासोम जागे होते आणि दाह सुरू होतो. पेशी मरते, तरी कण तसाच राहतो. तो दुसरी पेशी गिळते आणि तेच चक्र पुन्हा फिरते. गुजरातमधील खंभात येथे अकीकाचे खडे घासणाऱ्या कारागिरांना जडणाऱ्या सिलिकोसिसमागे, किंवा अॅस्बेस्टॉसच्या कामगारांचे फुफ्फुस निकामी होण्यामागे हे न संपणारे चक्र असते.

यानंतरचा टप्पा अब्जांश कणांचा होता. मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सुमारे १०० नॅनोमीटरपर्यंतच्या कणांना अब्जांश कण म्हणतात. इतक्या सूक्ष्म अवस्थेतील टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिकाही इन्फ्लमासोम जागे करतात, असे चॉप यांच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केले. उंदरांना हुंगविलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या अब्जांश कणांनी त्यांच्या फुफ्फुसांत दाह निर्माण केला. इंटरल्युकिन-१ चा संदेश स्वीकारू न शकणाऱ्या उंदरांत मात्र तो बराच कमी झाला. त्याच प्रयोगांत झिंक ऑक्साइडच्या अब्जांश कणांनी पेशींमध्ये असा प्रतिसाद दिला नाही. म्हणजेच 'सगळे अब्जांश कण घातक' हे विधान जितके चुकीचे, तितकेच 'रासायनिकदृष्ट्या निरुपद्रवी म्हणून सुरक्षित' हे विधानही चुकीचे ठरते.

आकाराइतकाच घडणीचाही प्रभाव असतो. एडिंबरो येथील संशोधकांच्या पुढाकाराने २००८ मध्ये झालेल्या प्रयोगात कार्बनच्या लांब अब्जांश नळ्यांनी उंदरांच्या उदरपोकळीत अॅस्बेस्टॉससारखा दाह निर्माण केला. आखूड व गुंतलेल्या नळ्यांनी तो केला नाही. मूलद्रव्य तेच, परिणाम भिन्न.

दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात ठेवले, ते प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांवरून. कामगारांच्या पाहणीतील पुरावा अपुरा ठरला होता. अन्नातील वापराबाबतही तज्ज्ञांत एकमत नाही. युरोपने २०२२ मध्ये अन्नपदार्थांत ही पूड वापरण्यास बंदी घातली, तर जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये चिंतेचे कारण नसल्याचा निर्वाळा दिला. शिवाय श्वासावाटे जाणारी धूळ आणि भिंतीवर वाळलेला रंग यांत महदंतर आहे. तेव्हा घरोघरी घबराट पसरविण्याचे कारण नाही.

अब्जांश कणांचा उपकारही मोठा आहे. २०२० च्या अखेरीस वापरात आलेल्या एमआरएनए लशी स्निग्ध अब्जांश कणांत गुंडाळूनच पेशींपर्यंत पोहोचल्या. हे कण जन्मजात प्रतिकारशक्तीला थोडे चेतवितात आणि लशीचा परिणाम वाढण्यास तेच साह्यभूत ठरते. फरक इतकाच, की शरीर त्यांचे विघटन करू शकते. चेतविणे आणि पेटते ठेवणे यांतील ही सीमारेषा सर्वांत महत्त्वाची आहे. दीर्घकालीन दाहाची किंमत किती, याचा अंदाज २०१७ मधील एका मोठ्या चाचणीने दिला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांपैकी ज्यांना इंटरल्युकिन-१ बीटा रोखणाऱ्या औषधाची मध्यम मात्रा मिळाली, त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यूही काहीसे वाढले. दाह हा केवळ शत्रू नव्हे, हेच त्यातून दिसले.

भारताने २००७ मध्ये 'नॅनो मिशन' हाती घेतले. अब्जांश औषधांच्या मूल्यमापनासाठी २०१९ मध्ये, तर शेती व अन्नातील वापरासाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या मालाचा विचार त्यांत आहे. परंतु या पुडीचा सर्वाधिक संबंध येतो तो पोती उघडणाऱ्या, मिश्रण ढवळणाऱ्या आणि यंत्रे झाडणाऱ्या कामगाराशी. कारखान्यातील हवेत कोणत्या आकाराचे किती कण आहेत, याची मोजदाद झाल्याशिवाय त्याचा धोका कागदावर येणार नाही. पदार्थाच्या नावापुरती तपासणी येथे अपुरी आहे.

अॅस्बेस्टॉसच्या बाबतीत माणसे आधी मेली आणि कारण नंतर उमगले. अब्जांश कणांच्या बाबतीत कारणाचा बराचसा भाग आधीच हाती आला आहे. न्यायालयाने रद्द केले ते एक वर्गीकरण. भक्षक पेशीला न पचणारा कण त्यामुळे पचू लागणार नाही.