कर्नल पाहावा बदलून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळी लिनक्स नव्हते, म्हणून तिसरी गोष्ट राहून गेली. ती आमच्या पुतण्याने पुरी केली.

"काका, कॉम्प्युटरवर चाल बांधायची तर आधी कर्नल बदला!"

हे स्वयंपाकघरात ऐकू गेले आणि ही पदराला हात पुसत बाहेर आली. "कर्नल कशाला बदलायचे? चांगले आहेत की बिचारे!" आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त कर्नलसाहेब राहतात. गणपतीची वर्गणी न मागता आणून देतात.

पुतण्याने कपाळाला हात लावला. कर्नल म्हणजे म्हणे लिनक्सचा गाभा. कॉम्प्युटरमधल्या कुठल्या कामाला कधी हात घालायचा, हे तो ठरवतो. गाण्याबजावण्यासाठी त्याचा एक खास चपळ अवतार मिळतो. त्याचे नाव लो-लेटन्सी, म्हणजे कमी उशीर करणारा.

निमित्त होते नातीच्या बारशाचे. हिने पाळणा लिहिला होता. मी त्याला चाल लावायची, कॉम्प्युटरवर बासरी-सतार भरायची आणि बाराव्या दिवशी सगळ्यांना ऐकवायचा, असा बेत. मी कर्नल बदलला. वायफाय गेले. वायफाय आले तेव्हा आवाज गेला. बाराव्या दिवशी सकाळी आवाज परत आला, पण तोवर चालच झाली नव्हती. हिने पाळणा आपल्या आईच्या जुन्या चालीवर म्हटला आणि मी मान खाली घालून पेढे वाटले.

तेव्हापासून माझे एक ठाम मत आहे. चाल बांधायला लो-लेटन्सी कर्नल लागत नाही. लागत नाही म्हणजे नाही!

आता हा उशीर म्हणजे काय, ते सांगतो. संगीताचा प्रोग्रॅम ध्वनीची भांडी भरून ठेवतो आणि साउंड कार्ड ती रिकामी करत जाते. भांडे मोठे असले की निवांतपणा, पण पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो. भांडे लहान असले की सूर लगेच, पण भरणारा जरा कुठे रेंगाळला की आवाजात 'खट्ट' होते. सेकंदाला ४८,००० नमुने या हिशेबाने १०२४ नमुन्यांचा हंडा म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद आणि ६४ नमुन्यांचा लोटा म्हणजे जेमतेम १.३. चपळ कर्नल करतो काय, तर भरणाऱ्याला हातातले काम टाकून वेळेवर पळत यायला लावतो. बस्स, एवढेच.

पण मी म्यूझस्कोअरमध्ये माउसने एकेक सूर मांडतो, चहा पितो, मग ऐकतो. मला लोटा हवाय कशाला? मला हंडा पुरतो! मैफलीत तबलजी गवयापासून दोन मीटरवर बसला, तर गवयाचा सूर त्याच्या कानी पडायला सहा मिलिसेकंद जातात. म्हणून तबलजीचा कर्नल बदला, असे कुणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. आणि १८२४ साली व्हिएन्नात नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा बीथोव्हेनला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. त्यांची लेटन्सी अनंत! त्यांनी आधी कान बदलायचे ठरवले असते, तर आपण आठवरच थांबलो असतो.

एक बाजू मात्र कबूल करतो. कुणी कॉम्प्युटरला पट्ट्या जोडून त्याच क्षणी पेटीसारखा वाजवणार असेल, किंवा गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा प्रक्रिया केलेला आवाज ऐकणार असेल, तर त्याला लोटाच हवा. पण त्यानेही आधी भांड्याचा आकार बदलून पाहावा आणि ध्वनीच्या कामाला अग्रक्रमाची परवानगी द्यावी. बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. शिवाय आताचा नेहमीचा कर्नल काही आळशी राहिलेला नाही. खुद्द उबुंटू स्टुडिओने २०२४ च्या आवृत्तीत वेगळा कर्नल सोडला, नेहमीचाच घेतला आणि सुरू होताना त्याच्या कानात चार सूचना सांगितल्या. २००४ च्या सुमारास बाहेर ठिगळे म्हणून सुरू झालेले काटेकोर वेळेचे काम नोव्हेंबर २०२४ मध्ये, ६.१२ व्या आवृत्तीत, मूळ लिनक्समध्येच सामावले गेले. ज्याला खरोखर गरज आहे, त्याची सोय घरातच झाली.

मग नवशिक्याला पहिल्याच दिवशी 'कर्नल बदला' कशाला सांगायचे? मी सांगतो. कर्नल बदलणे सोपे असते आणि चाल सुचणे अवघड. कर्नल बदलला की काहीतरी केल्यासारखे वाटते. मला पुतण्याचा राग नाही. मी त्याचे ऐकले, कारण मला चाल सुचत नव्हती आणि सबब हवी होती.

गेल्या महिन्यात मी जुना कर्नल परत घातला, हंडा मोठा ठेवला आणि चार संध्याकाळी बसून पाळण्याची चाल पुरी केली. नात आता बालवाडीत जाते. मांडीवर बसून तिने सगळा पाळणा ऐकला आणि विचारले, "आजोबा, हे कुठल्या बाळाचं?"

म्हटलं, "तुझंच गं. यायला जरा उशीर झाला."

तीन वर्षे! एवढी लेटन्सी कुठलाही कर्नल कमी करू शकत नाही. वरच्या मजल्यावरचेसुद्धा.